राहून गेलेला दुखवटा

(कोविडच्या महासाथीत गेलेल्यांच्या स्मरणार्थ अंबरनाथ पश्चिम येथे भरवलेल्या व्याख्यानमालेतील व्याख्यान)



स्मृती व्याख्यानमाला बहुधा एखाद्या मोठ्या माणसाच्या नावानं चालते. ही माला २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आपल्या घरांतून, चाळींतून, कारखान्यांतून आणि शाळांतून जे गेले त्या सगळ्यांच्या नावानं आहे. म्हणून आज कुणा एकाचं गुणवर्णन होणार नाही. मला बोलायचं आहे ते त्यांच्या मागं राहिलेल्यांविषयी. मी मानसशास्त्र शिकवत आले आणि कविता वाचत आले. या दोन्ही वाटांनी शोकाकडं पाहताना जे हाती लागलं ते तुमच्यापुढं ठेवते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. महासाथीत माणसं गेली आणि त्यांचा दुखवटा पाळायचा राहून गेला. तो राहिलेला दुखवटा आजही पाळता येतो, आणि पाळायला हवा. विज्ञानात याला आधार आहे. मराठी माणसाची गाण्या-लिहिण्याची परंपरा तर हे काम शतकानुशतकं करत आली आहे.

आधी, काय राहून गेलं ते नीट पाहू.

२२ मार्च २०२०च्या मध्यरात्रीपासून उपनगरी लोकल बंद झाली. अंबरनाथ मुंबई सीएसएमटीपासून साठ किलोमीटरवर. या पश्चिम बाजूला ऑर्डनन्स फॅक्टरी, विमको, धरमसी मोरारजी अशा कारखान्यांभोवती कामगारांची वस्ती वाढली आणि पुढच्या पिढ्या रोजीसाठी ठाण्या-मुंबईला जाऊ लागल्या. आपली नाती रुळांच्या कडेनं पसरलेली आहेत. बहीण डोंबिवलीला, मामा परळला, आत्या कर्जतला. मयताची बातमी आली की मिळेल ती पहिली गाडी पकडायची, ही आपली रीत. १५ जून २०२०ला लोकल पुन्हा धावू लागली ती अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. २०२१च्या फेब्रुवारीत सर्वांना ठरावीक वेळांत मुभा मिळाली, ती दुसऱ्या लाटेनं एप्रिलमध्ये काढून घेतली. दोन डोस झालेल्या सामान्य माणसाला लोकलचा पास मिळू लागला तो १५ ऑगस्ट २०२१पासून. एवढ्या काळात ज्यांच्या घरी मृत्यू झाला त्यांच्या दारी माणसं पोचलीच नाहीत. अंत्ययात्रेला वीस माणसांची मर्यादा होती, आणि कोविडच्या मृत्यूत वीस जणही जमले नाहीत.

इथं एक गोष्ट नोंदवायला हवी. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं १५ मार्च २०२०ला कोविडच्या मृतदेहांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. मृतदेहाला अंघोळ घालू नये, स्पर्श करू नये, मिठी मारू नये असं त्यांत होतं. पण स्मशानात कर्मचाऱ्यांनी पिशवीची चेन उघडून नातेवाइकांना चेहरा दाखवावा, याला परवानगी होती. स्पर्श न करता मंत्र म्हणता येतील, पाणी शिंपडता येईल, असंही होतं. रक्षेपासून कसलाही धोका नाही, हेही स्पष्ट लिहिलेलं होतं. कागदावर एवढी माणुसकी शिल्लक होती. प्रत्यक्षात भीती, गर्दी आणि अपुरी माणसं यांमुळं असंख्य ठिकाणी ती पाळली गेली नाही. म्हणून आजही घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं : शेवटचं तोंडसुद्धा बघता आलं नाही.

तोंड बघणं, खांदा देणं, सावडायला जाणं, शेजारच्या घरून येणारा कडू घास, दहाव्याला नदीकाठी जमणं. जनाज्याची नमाज आणि चाळिसावा. बौद्ध घरातलं पुण्यानुमोदन. ख्रिस्ती घरातली महिन्याची मिस्सा. यांतलं काही दोन-तीन माणसांत उरकलं, काही मोबाइलच्या पडद्यावर झालं, काही झालंच नाही. नामवंतांच्या वाट्यालाही हेच आलं. १७ मे २०२०ला नाटककार रत्नाकर मतकरी गेले, त्याच आठवड्यात लोकगायक छगन चौगुले गेले, सप्टेंबरात साताऱ्यात अभिनेत्री आशालता वाबगावकर गेल्या, २०२१च्या एप्रिलमध्ये अभिनेते वीरा साथीदार गेले. ज्यांनी आयुष्यभर माणसांच्या गर्दीसमोर कला सादर केली त्यांना निरोप द्यायला गर्दी जमू शकली नाही.

आता विज्ञान काय सांगतं ते पाहू.

मनोविश्लेषणाचे प्रवर्तक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ साली शोकावर एक निबंध प्रसिद्ध केला. गेलेल्या माणसात गुंतलेलं मन माणूस थोडं थोडं करून सोडवून घेतो आणि ते काम संपलं की तो मोकळा होतो, असा त्याचा आशय. पुढं तीनच वर्षांनी, २५ जानेवारी १९२०ला, त्यांची सव्वीस वर्षांची मुलगी सोफी हॅम्बुर्गमध्ये इन्फ्लुएंझाच्या महासाथीत गेली. पोटात तिसरं मूल होतं. फ्रॉइड व्हिएन्नात होते. महायुद्धानंतरच्या त्या दिवसांत रेल्वेगाड्या चालत नव्हत्या. बाप मुलीच्या अंत्यसंस्काराला पोचू शकला नाही. नऊ वर्षांनी, १९२९मध्ये, सोफीच्या जन्मदिवशी त्यांनी मुलगा गमावलेल्या लुडविग बिन्स्वांगर या स्नेह्याला पत्र लिहिलं. त्यात ते सांगतात की तीव्र शोक ओसरतो पण ती जागा कधीच भरत नाही, आणि तसंच असायला हवं, कारण प्रेम चालू ठेवण्याचा तोच एक मार्ग आहे. आपल्याच १९१७च्या सिद्धांताला महासाथीत होरपळलेल्या बापानं दिलेलं हे उत्तर होतं. शोकाच्या अभ्यासाला पुढं जी दिशा मिळाली तिची चाहूल त्या पत्रात आहे.

१९४२च्या नोव्हेंबरात बॉस्टनमधल्या एका नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसं मेली. एरिक लिंडेमन या मनोविकारतज्ज्ञानं मागं राहिलेल्यांचा अभ्यास करून १९४४मध्ये तो प्रसिद्ध केला. घसा दाटणं, दीर्घ श्वास, अन्नावरची वासना उडणं, मृताचा चेहरा सतत दिसणं, ‘मी अजून काही करू शकलो असतो’ हा अपराधभाव. ही लक्षणं इतक्या जणांत सारखी दिसली की शोक शरीरातही घडतो हे वैद्यकानं मान्य केलं. २०२१च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनचा सिलिंडर आणि रेमडेसिविर शोधत रात्र रात्र हिंडलेल्या माणसांना त्या यादीतला शेवटचा मुद्दा मी वेगळा समजावून सांगायला नको. आणखी थोडे पैसे, आणखी एक ओळख, आणखी दोन तास आधी निघालो असतो तर, हा हिशेब ते अजून मांडत आहेत. त्यांना मी एवढंच सांगेन, की हा अपराधभाव शोकाचं लक्षण आहे. तो तुमच्याविरुद्धचा पुरावा नाही.

शोकाच्या पाच पायऱ्या असतात, असं आपण सर्रास ऐकतो. नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९च्या पुस्तकात त्या मांडल्या त्या मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागं राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या. माणसं अशा ठरल्या क्रमानं पायऱ्या चढतात, असं पुढच्या संशोधनात दिसलं नाही. त्यामुळं ‘अजून तुझा राग गेला नाही, म्हणजे तू मागे आहेस’ असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

प्रत्यक्षात काय होतं, याचं अधिक खरं वर्णन मार्गारेट श्ट्रेबे आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी १९९९मध्ये दिलं. शोकातला माणूस दोन कामांमध्ये ये-जा करत असतो. एक काम गेलेल्याकडं तोंड करून : आठवणं, रडणं, फोटो काढून बघणं. दुसरं पुढच्या आयुष्याकडं तोंड करून : बँकेचं खातं, मुलांची फी, आजवर नवऱ्यानंच केलेलं गॅसचं बुकिंग स्वतः करायला शिकणं. निरोगी शोक म्हणजे या दोहोंतली ये-जा. सकाळी रडलेली बाई संध्याकाळी मालिका बघून हसली तर तिचं दुःख खोटं ठरत नाही. ती एका कामातून दुसऱ्या कामात गेली एवढंच.

ही ये-जा का लागते, याचा धागा मेंदूत सापडतो. नॉर्वेत मोझर दांपत्याच्या प्रयोगशाळेत, ज्यांना २०१४चं नोबेल मिळालं, उंदरांच्या मेंदूतल्या काही पेशी आढळल्या. एक वस्तू रोज एका जागी ठेवली आणि मग उचलली, तरी त्या पेशी पुढं कित्येक दिवस त्या रिकाम्या जागी उद्दीपित होत राहिल्या. वस्तू तिथं असायला हवी होती, अशी जणू ती नोंद. मेरी-फ्रान्सिस ओकॉनर या अमेरिकी शास्त्रज्ञ शोकातल्या माणसांच्या मेंदूचा अभ्यास करतात. मेंदू जवळच्या माणसाचा ठाव घेऊन चालतो, तो कुठं असेल, केव्हा येईल याचा अंदाज बांधतो, आणि मृत्यूनंतर ते अंदाज एकेक करून बदलायला फार वेळ लागतो, असं त्यांचं प्रतिपादन आहे. म्हणून सात-वीसच्या गाडीच्या वेळी दाराकडं कान जातात. म्हणून तीनच माणसं असताना चहाला चौथा कप काढला जातो. असं करणाऱ्याचं डोकं ठिकाणावर असतं. त्याचा मेंदू अजून शिकतो आहे.

या शिकण्याला पुरावा लागतो. चेहरा पाहणं, थंड पडलेला हात धरणं, अग्नी देणं हे तो पुरावा देतं. घरातून रुग्णवाहिकेत चढलेला माणूस, नंतर एक फोन, आणि मग बांधलेली पिशवी किंवा अस्थींचा कलश, इतकंच हाती आलं तर मेंदूचं काम अवघड होतं. अनेक घरांत बायका मला सांगतात, ‘ते हॉस्पिटलातच आहेत असं वाटतं अजून.’ शेवटचं तोंड न बघता येण्याचं दुःख कशानं बनलेलं आहे ते यावरून कळावं.

बहुतेक माणसं शोकातून वाट काढतात, हेही संशोधन सांगतं. आप्त गमावलेल्या प्रौढांपैकी साधारण दहांतल्या एकाचा शोक मात्र थिजून राहतो. तो सैल होत नाही, जगणं थांबवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे २०२२पासून लागू झालं, त्याला दीर्घकालीन शोकविकार म्हणून स्थान मिळालं. मृत्यू अचानक आला असेल, निरोप झाला नसेल, भोवती माणसं नसतील तर ही जोखीम वाढते. महासाथीत हे तिन्ही एकत्र आलं. शरीरही यातून सुटत नाही. पंचावन्न वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांचा ब्रिटनमधला अभ्यास १९६९ साली छापला गेला. पत्नीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण अपेक्षेपेक्षा चाळीस टक्क्यांनी जास्त होतं. शोकात असलेल्याची विचारपूस करणं ही केवळ रीतभात नव्हे, जीव वाचवण्याचंही ते काम आहे.

हे समजून घेतल्यावर आपल्या घरातल्या रीतींकडं पुन्हा बघावं. मयताच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारी पिठलं-भाकरी आणतात आणि समोर बसून दोन घास खायला लावतात. दहा दिवस भेटायला येणारा प्रत्येक जण तीच गोष्ट विचारतो, ‘काय झालं हो?’ आणि घरचा माणूस तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. दहाव्या-तेराव्याला गोड शिजतं, नातेवाईक कपडे आणतात आणि दुखवटा काढतात. आधी गेलेल्याकडं तोंड, मग आयुष्याकडं, आणि दोन्ही वेळा सोबतीला माणसं. ज्यांनी या रीती घडवल्या त्यांना श्ट्रेबे आणि शुट माहीत असण्याचं कारण नव्हतं. माणूस माहीत होता. मृतांना त्यांतून काय मिळतं यावर आपली मतं वेगळी असतील. मागं राहिलेल्यांना त्यांतून साक्षीदार मिळतात, याबद्दल मला शंका नाही.

पण सगळ्याच रीतींची मी पाठराखण करणार नाही. काही रीती शोक करणाऱ्यालाच शिक्षा देतात. नवऱ्याच्या देहासमोर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं ही ती शिक्षा. कोविडच्या काळात एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीत हे पाहून करमाळ्याचे सामाजिक कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी याविरुद्ध मोहीम उघडली. ४ मे २०२२ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनी हा कित्ता गिरवावा असं सांगितलं. १८९७मध्ये याच महाराष्ट्रात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. विधवांच्या केशवपनाविरुद्ध उभं राहिलेल्या त्या घराण्याचं काम महासाथीच्या निमित्तानंच एका ग्रामसभेनं पुढं नेलं, याचा मला फार आनंद आहे. दुखवटा पाळायचा म्हणजे काय सोडायचं हेही ठरवायचं असतं.

आता कलेकडं येते.

कला दुःख कमी करते, असं मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये कला आणि आरोग्य यांच्या संबंधावरच्या तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला आणि त्यात कलांचा उपयोग मान्य केला. पण सावधगिरीही हवी. मनातलं रोज थोडा वेळ कागदावर उतरवण्याचा जेम्स पेनेबेकर यांचा प्रयोग १९८६पासून गाजला, तरी आप्त गमावलेल्यांना नुसत्या लिहिण्यानं लवकर बरं वाटतं असं पुढच्या अभ्यासांत आढळलं नाही. कलेचं सामर्थ्य मला दुसरीकडं दिसतं. जे सांगता येत नाही त्याला ती आकार देते, आणि आकार आला की दुसऱ्याला ते ऐकता येतं.

मराठीतलं याचं पहिलं मोठं उदाहरण नामदेवांचं. १२९६मध्ये आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. नामदेवांच्या गाथेत त्या समाधीचे अभंग आहेत. त्यांत एकाचा शोक नाही. भावंडं, संत, जमलेले लोक, एकेकाला काय झालं ते सांगितलं आहे. सातशे वर्षांनंतरही वाचणारा त्या गर्दीत उभा राहतो. अंत्ययात्रेला जाऊ न शकलेल्यांना तिथं नेऊन उभं करण्याचं काम शब्द करू शकतात, याचा हा पुरावा.

तुकाराम महाराजांचं घर १६२९-३०च्या दुष्काळानं मोडलं. पहिली पत्नी आणि थोरला मुलगा गेला, व्यापार बुडाला. परंपरा सांगते की त्यानंतर त्यांनी पडझड झालेलं विठ्ठलाचं देऊळ दुरुस्त करायला घेतलं आणि आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. भिंत उभारणं, येणं सोडून देणं, आणि मग अभंग. शोकातून उभं राहताना हाताला काम, मनाला मोकळीक आणि जिभेला शब्द असं तिन्ही लागतं, हे त्या चरित्रातून मला कळलं.

आणि ज्यांचं नाव कुठं लागलं नाही त्या बायका. पहाटे जात्यावर बसून त्यांनी आईचा, भावाचा, लेकराचा मृत्यू ओवीत गुंफला. सासरी मोठ्यानं रडायला जागा नव्हती. जात्याच्या घरघरीत रडू लपत होतं आणि समोर बसलेल्या जावेला ते नेमकं ऐकूही जात होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. शोकाचा एवढा मोठा मराठी दस्तऐवज दुसरा मला माहीत नाही.

कवयित्री इंदिरा संतांचे पती ना. मा. संत १९४६मध्ये गेले. दोघांचा एकत्र कवितासंग्रह निघालेला होता. इंदिराबाईंचा ‘शेला’ १९५१मध्ये आला, ‘मेंदी’ १९५५मध्ये, ‘मृगजळ’ १९५७मध्ये. एकटीनं मुलं वाढवत, नोकरी करत त्या लिहीत राहिल्या. गेलेल्याशी चाललेलं बोलणं पाऊस, संध्याकाळ, झाडं यांच्या आडून येत राहिलं. मृताशी नातं तोडल्यावरच माणूस बरा होतो, हा समज १९९६च्या सुमारास अमेरिकी अभ्यासकांनी मोडून काढला. नातं नव्या रूपात चालू ठेवणं आरोग्याचंच लक्षण असू शकतं, असं त्यांनी दाखवलं. इंदिराबाईंच्या वाचकांना ते चाळीस वर्षं आधी ठाऊक होतं.

विज्ञान आणि कला एकाच घरात नांदलेली आपण आपल्या काळात पाहिली ती सुमित्रा भावे आणि डॉ. मोहन आगाशे यांच्या कामात. सुमित्राबाई समाजशास्त्रीय संशोधनातून चित्रपटाकडं आलेल्या, आगाशे मनोविकारतज्ज्ञ. ‘देवराई’, ‘अस्तु’, ‘कासव’ हे चित्रपट मनाच्या आजारांकडं आणि डोळ्यांदेखत हरवत जाणाऱ्या माणसाकडं बघायला शिकवतात. ‘कासव’ला २०१६चं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. असे चित्रपट दाखवून नंतर प्रेक्षकांशी बोलत बसण्याचं काम आगाशे सातत्यानं करत आले. १९ एप्रिल २०२१ला, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, सुमित्राबाई गेल्या. जवळच ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ आणि नाटककार डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्याची संस्था आहे. म्हणजे या गोष्टी आपल्यापासून दूर नाहीत.

शेवटचा मुद्दा सार्वजनिक स्मरणाचा.

१९१८च्या इन्फ्लुएंझानं हिंदुस्थानात किमान एक कोटी वीस लाख माणसं नेली असा अंदाज आहे. मुंबई इलाखाही फार होरपळला. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सुमारे चौऱ्याहत्तर हजार हिंदी सैनिकांसाठी दिल्लीत १९३१ साली इंडिया गेट उभं राहिलं. इन्फ्लुएंझात गेलेल्यांसाठी त्या तोडीचं काहीही देशात नाही. आपल्यापैकी कितीजणांना आपल्या घरातून १९१८ साली कोण गेलं ते सांगता येईल? तो दुखवटा राहिला आणि मग विसरला गेला. शंभर वर्षांनी तशीच आपत्ती आली तेव्हा आपल्याकडं आठवण नव्हती.

जिथं लोकांनी ठरवलं तिथं उशिरानंही झालं. जर्मन शिल्पकार केटे कोलविट्झ हिचा मुलगा १९१४मध्ये युद्धात पडला. शोकात गुडघे टेकलेल्या आई-बापांचं शिल्प तिच्या हातून पुरं होऊन बेल्जियममधल्या दफनभूमीत बसलं १९३२मध्ये. अठरा वर्षं लागली. एड्सच्या साथीत अमेरिकेत मृतांची नावं घ्यायला घरचेही कचरत होते, तेव्हा मित्रांनी, आयांनी, जोडीदारांनी सहा फूट लांब, तीन फूट रुंद, साधारण थडग्याएवढ्या कापडाच्या पट्ट्या शिवल्या. ११ ऑक्टोबर १९८७ला वॉशिंग्टनमध्ये अशा १,९२० पट्ट्या जमिनीवर अंथरल्या गेल्या. २०२१च्या मार्चमध्ये लंडनला संसदेसमोरच्या नदीकाठच्या भिंतीवर कोविडच्या प्रत्येक मृतासाठी एक लाल बदाम रंगवायला नातेवाइकांनीच सुरुवात केली.

आपल्याकडं गोधडी आहे. आईच्या लुगड्याची, आजोबांच्या धोतराची गोधडी कितीतरी घरांत आहे. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर इथल्या घरांतून गेलेल्यांच्या कपड्याचा एकेक तुकडा घेऊन आपण एक मोठी गोधडी का शिवू नये? उल्हासनगर तर १९४७नंतर घर, गाव, माणसं मागं टाकून आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीवर वसलं. १९४९मध्ये त्याला हे नाव मिळालं. ज्यांना निरोपाविना सगळं सोडावं लागलं त्यांच्या नातवंडांना हे काम परकं वाटणार नाही. गोधडी शिवायला बायका गोल करून बसतात, हात चालू राहतात आणि बोलणं सुरू होतं. शोकाला याहून चांगली बैठक मला सुचत नाही.

त्या बैठकीत आणखी काही माणसांना बोलवा. स्मशानात रात्रंदिवस राबलेले पालिकेचे कर्मचारी, रुग्णवाहिकेचे चालक, परिचारिका, दारोदार फिरलेल्या आशाताई. कुटुंबाला जाता आलं नाही तेव्हा अग्नी यांनी दिला, हात यांनी धरला. त्यांचं कुणी गेलं असं समाज मानत नाही, म्हणून त्यांच्या शोकाला कुणी विचारतही नाही. केनेथ डोका या अभ्यासकानं १९८९पासून अशा न मानलेल्या शोकाकडं लक्ष वेधलं आहे. या माणसांनी पाहिलेलं ध्वनिमुद्रित करून ठेवायला एक मोबाइल आणि एक रविवार पुरतो. ज्यांनी शेवटचा चेहरा पाहिला ते हेच आहेत. न बघता आलेल्या चेहऱ्याविषयी घरच्यांना दोन शब्द सांगू शकणारेही हेच.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. शहरातल्या वाचनालयांनी एक वही उघडावी आणि गेलेल्या प्रत्येकाविषयी घरच्यांनी एक पान लिहावं, किंवा सांगावं आणि दुसऱ्यानं लिहून घ्यावं. शाळांनी त्या वर्षांत आई किंवा बाप गमावलेल्या मुलांकडं वेगळं लक्ष द्यावं. दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारनं पाच लाखांची ठेव ठेवली. ती गरजेची होतीच, पण मुलाला बापाविषयी विचारणारा माणूसही हवा असतो. कोविडमध्ये एकट्या पडलेल्या स्त्रियांना हळदीकुंकवाला बोलवा, लग्नात पुढं बसवा. हेरवाडनं जे केलं ते करायला ठरावाची वाट बघू नका. ज्यांचा शोक वर्षं लोटली तरी थिजलेला आहे, झोप-जेवण उडालं आहे, जगणं नकोसं झालं आहे, त्यांना एकटं सोडू नका. मानसतज्ज्ञाकडं घेऊन जा. सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते.

आणि एक काम प्रत्येकानं स्वतः करायचं. त्या दोन वर्षांत ज्या घरी आपण जाऊ शकलो नाही, त्या घरी या महिन्यात जा. आता कशाला खपली काढायची, असं मनात येईल. खपली निघत नाही. त्या घरात ते नाव रोज उच्चारलं जातंच, फक्त आपल्यासमोर कुणी उच्चारत नाही. जाऊन बसा, गेलेल्याचं नाव घ्या, ‘काय झालं होतं?’ असं विचारा, आणि सांगणारा थांबेपर्यंत ऐका. उशीर झाला आहे, पण वेळ गेलेली नाही.